काळ्या सोंगट्यांचे काका

तुमच्या मुलाला बुद्धिबळाचा क्लास लावला असेल, तर हे काका तुम्हाला भेटले आहेतच. रविवारच्या स्पर्धेत पंच पालकांना हॉलबाहेर काढून दार लावतात आणि जिन्यात काका उभेच असतात. त्यांचं स्वतःचं कुणी आत खेळत नसतं. नमस्कार-चमत्कार न करता ते विचारतात, "पोरगं काळ्याने काय खेळतं?"

पांढऱ्याबद्दल विचारत नाहीत. पांढऱ्याला पहिली चाल आयती मिळते, त्यात कसलं कौतुक, असं त्यांचं मत.

आपण भाबडेपणाने म्हणतो, "अजून तसं काही ठरवलं नाही." झालं! पत्रिका बघणाऱ्याच्या गांभीर्याने काका पोराच्या स्वभावात शिरतात. हट्टी आहे का? जेवायला किती वेळ लावतं? माझा भाचा तापट आहे हे ऐकून त्यांनी बराच वेळ मान हलवली आणि निकाल दिला, "मग कारो-कान." शेजारच्या बाईंची मुलगी अगदी शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. "मग तर कारो-कानच!" एका वडिलांनी कबूल केलं, की मुलाला खरा नाद कॅरमचा आहे. काका क्षणभर थबकले. "हरकत नाही. कारो-कानने सुरुवात करा."

मग खिशातून घडीचा चुंबकी पट निघतो. त्यातला काळ्याचा, वजिराच्या बाजूचा उंट हरवलाय. त्याच्या जागी पँटचा लोखंडी हूक. आणि नेमकी कारो-कानची सगळी शान त्या उंटातच. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं, की आपण सी-६, एकच घर. पुढच्या चालीला डी-५. फ्रेंच बचावात हा उंट आपल्याच प्याद्यामागे कोंडला जातो. इथे तो आधी बाहेर पडतो, ते प्यादं मागाहून हलतं. "बघा, हूक बाहेर आला!" काका भर जिन्यात ओरडतात. येणारे-जाणारे त्यांच्या पँटकडे बघतात.

होरेशियो कारो आणि मार्कस कान यांनी १८८६ साली हा बचाव अभ्यासून मांडला, बोट्विनिक आणि कार्पोव हे जगज्जेते तो खेळले, हे काका सांगतात आणि ते खरंच आहे. पण त्यांचं तेवढ्यावर भागत नाही. जुन्या देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. मग सी-६ मुळात कुणाचं, सांगा! सिसिलियनचं नाव काढलं, की चेहरा कडू होतो. "पाठांतर फार."

नवशिक्याला हा सल्ला देऊच नये. समोरच्याने राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं, तर आपणही तेच टाकावं; वजिरापुढचं टाकलं, तर आपलंही वजिरापुढचं. सोंगट्या लवकर मोकळ्या होतात, लवकर जुंपते आणि कुठे मार खाल्ला ते कळतं. कारो-कान सुरक्षित म्हणावा, तर खड्डे त्यातही आहेत. भाच्याशी खेळताना काकांनी एकदा हूक ठेवला घरातच आणि आधी घोडा आणला डी-७ वर. भाच्याने वजीर राजासमोर, ई-२ वर ठेवला. काकांनी सवयीने दुसराही घोडा काढला आणि सहाव्या चालीला पांढरा घोडा डी-६ वर येऊन बसला. मात! काळ्या राजाला स्वतःच्याच माणसांचा गराडा. घोड्याला मारू शकणारं एकुलतं एक प्यादं, पण ते हललं तर मागे राजा वजिराच्या माऱ्यात. काकांनी पट बारकाईने न्याहाळला. "बघितलंस? हूक बाहेर काढला नाही, म्हणून."

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून जिन्यात उभं राहायला जागा नसते. बोलणं सगळं रेटिंगचं आणि कोचच्या फीचं. डाव संपले, की जिंकलेली मुलं धावत येतात, हरलेली दाराशीच रेंगाळतात, कारण बाहेर "कसा काय हरलास?" हे ठरलेलंच. अशा एखाद्याला काका पायरीवर बसवतात, पट उघडतात आणि म्हणतात, "लाव पहिल्यापासून." पोर नाक ओढत चाली लावत जातं. उंटाची पाळी येते, हातात हूक येतो आणि त्याला हसू फुटतं. त्या दिवशीचा डाव कारो-कानचा नसला, तरी काका त्याला अडवत नाहीत. मला हे कबूल करायला जड जातंय, पण त्या जिन्यात हरलेला डाव शेवटपर्यंत बघणारा दुसरा माणूस मला दिसलेला नाही. या कामाची फीही नाही.

तेव्हा काकांचा सल्ला मुळीच ऐकू नका. मूल हरून बाहेर आलं, तर मात्र स्वतः तोंड उघडण्याआधी त्याला दहा मिनिटं त्यांच्याकडे पाठवा. कारो-कान काय, नंतर विसरायला लावता येतो.