कळंबमध्ये राहून प्रो स्केटबोर्डर कसे व्हावे
(नवशिक्यांसाठी सचित्र मार्गदर्शक, चित्रे छापखान्यात राहिली आहेत)

पहिली गोष्ट पक्की करून घ्या. प्रो स्केटबोर्डर व्हायला स्केटबोर्ड लागतोच असं नाही, जाहिरात मात्र लागते. जुन्या अमेरिकी स्केटबोर्ड मासिकांच्या जाहिराती चाळल्यावर आम्ही या निष्कर्षाला आलो. कळंबवरून जाणाऱ्या मंचर ते नारायणगाव रस्त्यालगतचे फ्लेक्स वाचून तो आणखी घट्ट झाला.

पूर्वतयारी

घरी कोणाला काही सांगू नका. "स्केटबोर्ड म्हणजे ते चाकांचे बूट का?" असं विचारतील. नाही म्हणालात की समजावून सांगावं लागेल, आणि समजावून सांगितलंत की "मग ऊसतोडीच्या वेळी घरी असणार ना?" इथं गाडी येऊन थांबेल.

आता अभ्यासाकडे वळू. लॅरी स्टीव्हन्सन हा कॅलिफोर्नियाचा माणूस. समुद्रावर जीवरक्षकाची नोकरी केलेला. तो 'सर्फ गाइड' नावाचं मासिक काढायचा. १९६३ साली त्यानं मकाहा नावाचे स्केटबोर्ड बाजारात आणले आणि त्यांची जाहिरात छापली आपल्याच मासिकात. जाहिरातीच्या दरासाठी घासाघीस करायची कोणाशी, हा प्रश्नच उरला नाही. पुढं जानेवारी १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'थ्रॅशर' निघालं, तेही याच वळणाचं. ते काढणाऱ्या फाउस्तो व्हिटेलो आणि एरिक स्वेन्सन यांचा मूळ धंदा इंडिपेंडंट नावाचे ट्रक विकण्याचा. ट्रक म्हणजे फळीखालचे धातूचे आस. माल खपवायचा म्हणून मासिक काढलं, आणि ते मासिकच पुढं त्या जगाचा धर्मग्रंथ झालं. आजही 'थ्रॅशर'चे टी-शर्ट घालून हिंडणारी पोरं आपल्याकडे दिसतात. त्यातल्या बहुतेकांना हे मासिक आहे याचा पत्ता नसतो.

थोडक्यात, छापायचं साधन आपल्या हातात असावं. तुम्ही मासिकाच्या फंदात पडू नका, गावच्या ग्रुपचे ॲडमिन व्हा.

प्रायोजक

नवशिके इथं हमखास चुकतात. स्केटबोर्डच्या खेळाडूला स्केटबोर्डची कंपनीच पैसे देणार, असं त्यांना वाटतं. १९६४ च्या सुमारास सर्फबोर्डवाल्या होबी आल्टरच्या नावानं स्केटबोर्ड निघाले, तेव्हा त्यांच्यामागं उभी होती व्हिटा-पॅक्ट नावाची फळांच्या रसाची कंपनी. रस विकणाऱ्यांनी फळ्या विकल्या आणि पोरापोरींचा संघ गावोगाव प्रात्यक्षिकाला पाठवला. त्या संघातली पॅटी मॅगी ही मुलगी मे १९६५ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. चालत्या बोर्डवर हात टेकलेले, पाय आभाळाकडे. पैसे घेऊन स्केटबोर्डिंग करणारी पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात.

तेव्हा प्रायोजक म्हणून दूध डेअरी चालेल, पतसंस्था चालेल, बोअरवेलवाला तर धावतच येईल. फक्त फ्लेक्सवर त्याचा फोटो तुमच्या फोटोपेक्षा मोठा असणार, हे आधीच मान्य करून टाका. आमच्या भागात सौजन्य लिहिलेलं अक्षर नेहमी कार्यक्रमाच्या नावापेक्षा ठळक असतं.

साहित्य

पुस्तिकेच्या शिस्तीसाठी खऱ्या स्केटबोर्डचं वर्णन करून ठेवतो. मॅपल लाकडाचे सात पातळ थर चिकटवलेली, साधारण आठ इंच रुंद फळी. वर पॉलिश पेपरसारखा खरखरीत कागद. खाली दोन आस, चार चाकं. प्रत्येक चाकात दोन बेअरिंग, म्हणजे एकूण आठ. बेअरिंगचा नंबर ६०८: आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. हाच बेअरिंग विजेच्या कितीतरी लहान मोटारींत बसतो, त्यामुळं तो मागायला कॅलिफोर्नियाला जावं लागत नाही.

आणि बेअरिंग म्हटल्यावर खेड्यात वाढलेल्या कोणाही माणसाचा हात आपोआप गुडघ्यावरच्या जुन्या वणाकडे जातो. बेअरिंगची गाडी! गॅरेजवाल्याच्या भंगारातून मागून आणलेले बेअरिंग, बाभळीची आडवी दांडी, वर पॅकिंगच्या खोक्याची फळी. पुढची दांडी एका बोल्टावर फिरती ठेवायची आणि तिच्या दोन टोकांना सुतळी बांधायची, ती ओढली की गाडी वळते. निदान वळावी अशी अपेक्षा असते. लोखंड थेट डांबरावर घासत असल्यानं आवाज असा, की दुपारी अंग टाकलेला अख्खा वाडा उठून बसायचा. दगडाच्या पाट्यावर ठोकून दांडीत बेअरिंग बसवताना सरळ बसला नाही, तर गाडी उतारावर एका अंगाला ओढायची, आणि ते अंग नेमकं गटाराचं असायचं. ब्रेक म्हणजे चप्पल. टाच झिजलेली चप्पल घरात दिसली, की चौकशी न होता शिक्षा व्हायची.

अमेरिकेत पोरांनी रोलर स्केटची चाकं फळीला ठोकली, त्यातून हा उद्योग उभा राहिला. आमच्याकडे फळीही होती आणि चाकंही. जाहिरात तेवढी कोणी केली नाही. बेअरिंगच्या गाडीचं एक पानभर चित्र कुठल्याही मराठी मासिकात रंगीत छापून आलं असतं, तर आज जगभरची पोरं बसूनच स्केटिंग करत असती.

जागा

आता अडचणीचा भाग. १९६५ च्या अखेरीस अमेरिकेतली पहिली लाट ओसरली, त्याचं एक मोठं कारण चाकं. ती क्लेची, म्हणजे कडक आणि ठिसूळ मिश्रणाची असत. बारीक खडा आडवा आला की चाक जागच्या जागी थांबायचं आणि वरचा माणूस एकटाच पुढं जायचा. पोरं पडू लागली, शहरं बंदी घालू लागली. १९७० नंतर फ्रँक नॅसवर्दीनं युरेथेनची चाकं आणली, कॅडिलॅक नावानं विकली, आणि मेलेला धंदा उठून बसला. युरेथेन खडा गिळून पुढं जातं.

कळंबमध्ये मात्र युरेथेनचीही परीक्षा आहे. पुणे–नाशिक महामार्ग गुळगुळीत आहे, पण तिथं तुम्ही आणि उसानं भरलेला ट्रॅक्टर एकाच लेनचे उमेदवार ठराल. गल्लीतल्या नव्या काँक्रीटवर ठेकेदारानं घसरू नये म्हणून झाडूनं आडव्या रेघा ओढलेल्या असतात. त्यावरून गेलात तर दात वाजतात. पेव्हर ब्लॉक दिसायला देखणे, पण दोन ब्लॉकमधल्या फटीत चाक सापडलं की १९६५ साल परत येतं. शाळेच्या व्हरांड्यातली शहाबादी फरशी चांगली, फक्त मुख्याध्यापकांना ती शाळा वाटते. राहता राहिलं मंगल कार्यालय. तिथली फरशी एकसंध, पायऱ्या तीन, बाजूला स्टीलचं रेलिंग. जगातल्या कुठल्याही प्रो माणसाला हेवा वाटावा अशी जागा. लग्नाची तारीख नसलेला दिवस बघा. तोही मिळाला नाही तर पंगत उठेपर्यंत थांबा, मात्र त्यानंतर फरशीवर मठ्ठा सांडलेला असू शकतो.

घोड नदीच्या पुलावर जाऊ नका. फोटो छान येईल, पण तो वर्तमानपत्रात वेगळ्या पानावर छापला जाईल.

प्रो होणे

हा टप्पा सर्वांत सोपा. टोनी हॉक १४ वर्षांचा असताना, १९८२ साली, एका स्पर्धेच्या अर्जावर हौशी आणि व्यावसायिक असे दोन चौकोन होते. त्यानं व्यावसायिकवर खूण केली. झाला प्रो. पेनानं. त्याच हॉकनं पुढं २७ जून १९९९ ला अडीच गिरक्यांची ९०० नावाची उडी पहिल्यांदा स्पर्धेच्या मैदानात साधली, पण तो तपशील आपल्या कामाचा नाही. चौकोन लक्षात ठेवा.

प्रो झाल्याचा पुरावा म्हणजे तुमच्या नावाचा बोर्ड. पॉवेल पेराल्टा कंपनीनं १९८० च्या दशकात प्रत्येक खेळाडूला स्वतःचं चिन्ह दिलं. कॅबालेरोला ड्रॅगन, हॉकला ससाण्याची कवटी. पोरं चिन्ह बघून फळी घ्यायची, आणि खपलेल्या प्रत्येक फळीमागं त्या खेळाडूला पैसे मिळायचे. सांता क्रूझ कंपनीसाठी जिम फिलिप्सनं १९८५ मध्ये काढलेला निळा किंचाळणारा हात तर खेळाडूंपेक्षा मोठा झाला.

नावाचं हे तंत्र आपल्या शिवाराला नवीन नाही. नारायणगावला पाडव्याच्या आगेमागे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, यात्रा कमिट्या सुपारी ठरवायला येतात. तिथल्या फलकांवर नुसतं 'तमाशा' कोण लिहितं? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर. आधी नाव, मग बाकीचं.

चिन्ह निवडताना कवटी टाळा. आपल्याकडे दारात कवटी आली की घरातलं कोण गेलं, असं विचारतात. बिबट्या घ्या. जुन्नर वन विभागातल्या उसानं त्याला जगभर नाव मिळवून दिलंय, माणिकडोहला त्याचं निवारा केंद्र आहे, आणि कुठल्याही स्केटबोर्ड कंपनीनं त्याच्यावर अजून हक्क सांगितल्याचं आमच्या कानावर नाही. शिवाय सरावाला का जात नाही, असं संध्याकाळी सहानंतर कोणी विचारलं, तर फळीवरच्या चित्राकडे बोट दाखवता येतं.

फोटो

जुन्या जाहिरातीतला फोटो नीट बघा. फोटोग्राफर जमिनीवर आडवा, भिंग माशाच्या डोळ्यासारखं वाटोळं, त्यामुळं तीन फुटांची उडी विहिरीएवढी खोल दिसते. खेळाडूचं लक्ष कॅमेऱ्याकडे नसतं. तोंड वाकडं, जीभ बाहेर, एक हात बोर्डाला. स्टेसी पेराल्टा आणि क्रेग स्टेसिक या जोडगोळीनं तर अशाही जाहिराती केल्या, ज्यात विकायची वस्तूच सापडत नाही. वाचणारा कोड्यात पडतो आणि दुकानात जातो.

हे इथं चालणार नाही, स्पष्ट सांगतो. बैलगाडा शर्यतीचा फ्लेक्स हा आपला शास्त्रग्रंथ. शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली, १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. एवढ्या काळात कोर्टाचे कागद बदलले, पण फ्लेक्सची बैठक तसूभर हलली नाही. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, जीव तोडून पळतो बैल. फ्लेक्सवर मधोमध उभा असतो मालक: पांढरा शर्ट, काळा गॉगल, फोन कानाला. बैल खाली डाव्या कोपऱ्यात, आणि त्याच्याभोवती सत्तर शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे चेहरे. 'घाटाचा राजा' ही अक्षरं नेमकी कोणाला उद्देशून आहेत, हे लांबून कळत नाही, आणि मालकाचीही तशीच इच्छा असते.

तुम्हीही हेच करा. स्केटबोर्ड खाली डाव्या कोपऱ्यात. तुम्ही मध्ये.

एक आडवाट

काही जण वेगळ्या रस्त्यानं गेले, त्याची नोंद केवळ सावधगिरीसाठी. पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक घेतलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये मोमिजी निशिया या जपानी मुलीनं तेराव्या वर्षी सुवर्ण मिळवलं. दोघी आधी शिकल्या, पडल्या, परत उभ्या राहिल्या. फळीची शेपटी पायानं आपटून पुढचा पाय खरखरीत कागदावरून ओढत वर न्यायचा, म्हणजे हात न लावता फळी हवेत येते. याला ऑली म्हणतात. ती धड जमायला महिने जातात आणि तेवढ्यात बुटाच्या बाजूला भोक पडतं. मग पायऱ्या, मग रेलिंग. हा मार्ग प्रस्तुत पुस्तिकेच्या कक्षेबाहेरचा आहे. तो धरणाऱ्यांची जबाबदारी आम्ही घेत नाही.

अडचणी आणि उपाय

दुसऱ्या वाडीतला कोणी प्रो निघाला तर? १९९० च्या आसपास स्टीव्ह रोको नावाच्या माणसानं वर्ल्ड इंडस्ट्रीजतर्फे जुन्या कंपन्यांची टर उडवणाऱ्या जाहिराती सुरू केल्या. एका मोठ्या मासिकानं त्या नाकारल्यावर १९९२ मध्ये त्यानं स्वतःचं 'बिग ब्रदर' काढलं. आपल्याकडे एवढं नको, त्या दुसऱ्या वाडीवाल्याच्याच फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून स्वतःचा फोटो घालायला लावा. जास्त खर्च नाही, आणि सोसायटीच्या निवडणुकीत दोघांनाही उपयोगी पडतं.

फ्लेक्सवर नावाचं शुद्धलेखन चुकलं तर? बदलू नका. दुसरा फ्लेक्स छापायचे पैसे बोअरवेलवाला देणार नाही, आणि गावात तुम्हाला याच चुकीच्या नावानं ओळखू लागलेले असतात.

आणि सगळ्यांत अवघड प्रश्न. यात्रेत भर मंडपात कोणी पोरगं खरोखरचा स्केटबोर्ड घेऊन आलं आणि म्हणालं, "काका, एकदा करून दाखवा ना"? घाबरू नका. फळी हातात घ्या. उलटी करून एक चाक बोटानं फिरवा आणि कानाजवळ धरून ऐका. मग खाली पेव्हर ब्लॉककडे बघून मान हलवा आणि म्हणा, "इथं नाही होत. सरफेस बरोबर नाही." कळंबमध्ये याला कोणीही हरकत घेऊ शकत नाही, कारण ते खरंच आहे.