तीन भिंती आणि एक चेतक

आमच्या गल्लीतल्या नानांनी कर्वेनगरात बंगला बांधला तेव्हा त्यांच्याकडे गाडी नव्हती, पण गॅरेज होतं. त्या काळी फियाटला नंबर लावायचा आणि वाट बघत बसायचं. नानांनी ती वाट बघायला पक्की जागा बांधली, इतकंच. यथावकाश फियाट आली, नांदली आणि भंगारात गेली. आता मुलाने घेतलेली एसयूव्ही त्या गॅरेजात जाते खरी, पण गेल्यावर तिची दारं उघडत नाहीत. एकदा मुलगा आत अडकला तो डिकीतून बाहेर आला. तेव्हापासून गाडी रस्त्यावर झोपते आणि गॅरेजात दोन मुलं झोपतात. स्पर्धा परीक्षेवाली. एक परभणीचा, एक सांगोल्याचा. कॉट बेसिसवर.

परवा मी ही 'खोली' आतून पाहिली. गाडी धुतली की पाणी बाहेर जावं म्हणून शहाबादी फरशीला उतार दिलेला, म्हणून दोन्ही कॉटच्या पुढच्या पायांखाली विटा. परभणीकराच्या एका पायाखाली विटेऐवजी इतिहासाचं जुनं गाईड आहे. ते बदललेल्या अभ्यासक्रमात बसत नाही, इथे मात्र बरोबर बसलंय. मधोमध ऑइलचा काळा डाग. तो तीन पावडरींना दाद देत नाही, म्हणून त्यावर सतरंजी टाकली आहे. फियाटखाली शिरायला खणलेला खड्डा फळ्या टाकून बंद केलाय, त्यात कांदे-बटाटे. नाना त्याला 'तळघर' म्हणतात आणि भाड्यात धरतात.

उंचीचं मात्र अवघड आहे. नियमाप्रमाणे माणसाच्या खोलीला किमान 2.75 मीटर उंची लागते, गाडीला 2.4 मीटर पुरते. मधल्या 35 सेंटिमीटरचं महत्त्व पंखा लावल्यावर कळतं. मुलं आधी पंखा बंद करतात, मग बनियन घालतात. सांगोलेकर घाईत एकदा हा क्रम विसरला होता. करंगळीला अजून पट्टी आहे.

"नाना, हे राहण्यासाठी कायदेशीर आहे का?" मी विचारलं. चूक केली. नाना बँकेतून निवृत्त झाल्यापासून कायदा वाचतात.

"1963 च्या मोफा कायद्यात फ्लॅटची व्याख्या बघा. फ्लॅटमध्ये गॅरेज धरलंय! कंसात आहे, पण आहे. म्हणजे सरकारने साठ वर्षांपूर्वी गॅरेजला घराच्या पंगतीत बसवलं. मी फक्त वाढलं."

2010 साली दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कंस नीट उलगडून दाखवला, हे मी नानांना सांगून पाहिलं. गॅरेज म्हणजे स्वतंत्र फ्लॅट नव्हे आणि इमारतीखालचं खांबांमधलं पार्किंग तर गॅरेजसुद्धा नव्हे, म्हणून बिल्डरला ते वेगळं विकता येत नाही. निकाल बिल्डरच्या विरोधात होता, हे ऐकून नाना खूश झाले. आपल्याला लागू होतो, हे त्यांनी ऐकलं नाही.

"पुढे रेराने 2016 मध्ये गॅरेज म्हणजे काय तेही लिहून टाकलंय. छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. मोजा." मी मोजल्या. तीन होत्या. चौथ्या बाजूला शटर. दिवसा ते वर असतं तेव्हा जागा गॅरेज असते, रात्री खाली आलं की घर होतं. एकाच जागेचे दिवसातून दोनदा धर्मांतर होते आणि कुणाच्या भावना दुखावत नाहीत, असं उदाहरण मला तरी दुसरं ठाऊक नाही.

तसं पाहिलं तर जागेबद्दल मुलांनी कुरकुर करू नये. आपल्याकडे एका मोटारीला अडीच बाय पाच मीटर जागा द्यायची रीत आहे, म्हणजे सुमारे 134 चौरस फूट. चाळीतली दहा बाय बाराची खोली 120 चौरस फुटांची. तिच्यात आजी, काका आणि गावाहून आलेला कुणीतरी धरून आठ माणसं सुखाने राहिली, असं आपण दर दिवाळी अंकात वाचतो. मोटारीला त्याहून चौदा फूट जास्त, आणि तिला गावाहून आलेलं कुणी नाही.

पण नानांची खरी कल्पकता खोलीच्या कोपऱ्यात उभी आहे. एक बजाज चेतक. बंद पडलेली, दोन्ही चाकांत हवा नाही, रंग निळा असावा. महापालिकेचा माणूस पाहणीला आलाच तर 'वाहन' दिसलं पाहिजे, म्हणून ती तिथे कायमची नेमलेली. करारात अट आहे: वाहन हलवू नये, दर रविवारी पुसावे. हँडलला ओला टॉवेल, सीटवर चालू घडामोडींचे अंक, स्टेपनीवर साबणाची डबी. मुलं तिला 'ताई' म्हणतात. खोलीत भाडं न देता राहणारी ती एकटीच.

तिने अडवलेल्या जागेचं भाडं कमी करा, असं परभणीकराने मागे सुचवलं होतं. नाना शांतपणे म्हणाले, "अरे, गॅरेजात स्कूटर आहे हे बरोबरच आहे. तुम्ही का आहात, ते मला विचारायला लावू नकोस."

गेल्या महिन्यात नोटीस आलीच. भोगवटापत्र दाखवा, असा तिचा सूर. (भोगवटा हा शब्द ज्याने घडवला त्याने पत्र्याच्या शटरमागे एक एप्रिल नक्की काढला असणार.) नोटीस आणणाऱ्याने ती रीतीप्रमाणे दर्शनी भागावर, म्हणजे शटरवर, बाहेरून चिकटवली. त्याच मिनिटाला आतून सांगोलेकराने शटर वर ढकललं, कारण त्याला नव्या पेठेतल्या अभ्यासिकेत जागा धरायची होती. नोटीस गुंडाळून वरच्या डब्यात गेली. रात्री शटर खाली येतं तेव्हा ती पुन्हा उलगडते, पण तेव्हा मुलं आत असतात आणि नाना झोपलेले असतात.

उत्तर द्यायची मुदत पंधरा दिवसांची होती म्हणे. आम्ही शेजाऱ्यांनी ती रात्री जेवणानंतर शतपावली करताना मोबाइलच्या उजेडात वाचली. चौथी ओळ आता वाचता येत नाही. तिथे शटरचं ग्रीस लागलंय.