लायसन्स फीचा अनुशेष

प्रति,
मा. माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : वऱ्हाडातील कुटुंबांना टीव्ही लायसन्स फी भरण्याची संधी मिळणेबाबत (मागील थकबाकीसह)

संदर्भ : 1) भारतीय तार अधिनियम, 1885. 2) भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, 1933. 3) आमचे अमरावतीचे साळे यांच्याशी गेल्या रविवारी झालेला वाद.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय अर्ज सादर करतो की, आम्हाला पैसे भरायचे आहेत. आपल्या कार्यालयात वाचताना घोटाळा होऊ नये म्हणून पुन्हा लिहितो : मागायचे नाहीत, भरायचे आहेत. वऱ्हाडातून पत्र आलं म्हणजे आत पीकविमा, बोंडअळी नाही तर सिंचनाचा निधी असणार, असं आपल्या टपाल शाखेला वाटत असेल. त्यात त्यांची चूक नाही. पण हा अनुशेष निराळा आहे.

दांडेकर समितीनं 1984 साली महाराष्ट्रात कुठे रस्ते कमी, कुठे पाणी कमी, कुठे शाळा-दवाखाने कमी, हे मोजून अनुशेषाचा हिशेब मांडला. तेव्हापासून विदर्भातला माणूस अनुशेष या शब्दावरच वाढला आहे. एवढी विद्वान समिती, पण टीव्ही लायसन्स फीचा रकाना तिच्याही नजरेतून सुटला. मुंबईत दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला आलं, पुण्याला पुढच्याच वर्षी. टीव्हीची फी वर्षाला 50 रुपये, ती पोस्टात भरायची. आमच्या गच्च्यांवर अँटेना दिसू लागले ते 1984 च्या सुमारास, देशात जवळजवळ रोज एक प्रक्षेपक उभा राहत होता त्या लाटेत. आणि 1985 साली आपल्या सरकारनं लायसन्सच रद्द केलं! मुंबईकर तेरा वर्षं ऐटीत फी भरत होता, आणि आमची पंगत बसते न बसते तोच आचारी भांडी उचलून निघाला. रस्ता नाही, पाणी नाही, आणि पैसे भरायचा मानही नाही, हे वऱ्हाडानं किती दिवस सोसायचं?

रेडिओची फी मात्र आम्ही भरलेली आहे, हे नोंदवून घ्यावं. तिचा इतिहास मोठा आहे. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र 23 जुलै 1927 ला सुरू झालं, त्याचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं. अमरावतीकरांना हे गृहस्थ परके नाहीत. सरकारी दवाखान्याच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, ऑटोवाल्याला 'इर्विन' म्हटल्याशिवाय पत्ता समजत नाही. तेव्हा लायसन्स दहा रुपयांचं होतं, त्यातले आठ कंपनीला मिळत. लायसन्सवाले सात-आठ हजारांच्या पुढे सरकेनात आणि फुकट ऐकणारे मोजता येईनात. 1930 च्या मार्चमध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. मग 1933 चा कायदा आला, आणि लायसन्सशिवाय रेडिओ नुसता घरात ठेवणंही गुन्हा ठरलं.

त्या गुन्ह्याच्या धाकानं असेल किंवा स्वभावानं, आमच्या वडिलांनी फी कधी चुकवली नाही. त्यांचं लायसन्सचं पुस्तक अजून ट्रंकेत आहे. हाताच्या पंजात मावेल एवढं, पुठ्ठ्याचं, कोपरे कुरतडलेलं. आत दर वर्षाचं खास तिकीट चिकटवलेलं आणि त्यावर पोस्टाचा गोल शिक्का, अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर. सगळेच असे नव्हते म्हणा. खेड्यात इन्स्पेक्टर येतोय अशी कुणकुण लागली की रेडिओ कापसाच्या गंजीत जायचा. कापसात आवाजही दबतो आणि लायसन्सही विचारलं जात नाही. लांब धाग्याच्या कापसाचा हा उपयोग कोणत्याही कृषी विद्यापीठानं शोधलेला नाही.

वडिलांची मजा वेगळी होती. पंधरा रुपये भरल्यावर ते वर्षभर आकाशवाणीचे मालक असत. बाजारभाव सांगताना अकोल्याचा भाव आधी सांगावा, निवेदिकेनं जरा हळू बोलावं, कीर्तन मध्येच तोडू नये, अशी पोस्टकार्डं ते केंद्राला टाकत आणि प्रत्येक कार्डावर सहीच्या खाली लायसन्सचा नंबर घालत. एकदा उत्तरही आलं : आपली सूचना विचाराधीन आहे. ते छापील कार्ड त्यांनी त्याच पुस्तकात ठेवलं. महोदय, मला टीव्हीची फी भरायची आहे ती ह्या नंबरासाठी. आज मी कोणाला पोस्टकार्ड टाकू आणि खाली कोणता नंबर घालू? सेट-टॉप बॉक्सचा?

हे मी साळ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "भाऊजी, पैसे जास्त झाले असतीन तं मले द्या नं, सरकारले काहून देता? आन फी भरून तुमच्या बाबाले आयकाले काय भेटलं? आनीबानीत काय आयकलं? ऑल इंदिरा रेडिओच नं?"

हा मुद्दा बिनतोड आहे. 1975 ते 77 देशातला लायसन्सधारक प्रामाणिकपणे पंधरा रुपये भरत होता आणि सरकार सांगेल तेच ऐकत होता. कारण फी पोस्टात जमा व्हायची आणि तिथून दिल्लीच्या तिजोरीत. रेडिओच्या हाती ती देणारं सरकारच. स्वायत्ततेचं म्हणाल तर प्रसार भारतीचा कायदा 1990 चा. तो अमलात यायला 1997 उजाडलं आणि तिजोरीची किल्ली तेव्हाही दिल्लीतच राहिली. म्हणून माझ्या अर्जाला एक अट जोडतो : आमचे 50 रुपये आपल्या हातात पडू नयेत. राग मानू नये.

आता आपण म्हणाल, तुम्ही चाळीस वर्षं फुकट पाहताय, मग अंग का दुखतंय? साहेब, फुकट कोण पाहतंय? महापालिकेच्या हद्दीत केबलच्या जोडणीमागे महिन्याला 45 रुपये करमणूक कर होता, जीएसटी येईपर्यंत. वर्षाचे 540, म्हणजे जुन्या फीच्या दहापटीहून जास्त, आणि त्याबद्दल ना पुस्तक, ना तिकीट, ना गोल शिक्का. मग फेब्रुवारी 2019 मध्ये ट्राय या नियामकानं आम्हाला चॅनेलं निवडायचं स्वातंत्र्य दिलं. त्या स्वातंत्र्याची किंमत 130 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, ते दर महिन्याला. आणि एवढे मोजून मिळाली ती फुकट चॅनेलं! पैशाची चॅनेलं वेगळी, पाच, बारा, एकोणीस रुपयांनी. आमच्या घरात त्या महिन्यात कोणाची मालिका ठेवायची आणि कोणाचं क्रिकेट कापायचं यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही. शेवटी केबलवाल्या पोरानंच सांगितलं, "काका, पॅक घेऊन टाका, सस्तं पडते." त्यानं दिलेलं पॅक घेतलं. त्यात मला कळत नाही अशा तीन भाषांतल्या बातम्या येतात.

शिवाय मोबाइलचा डेटा, नातवाचं ओटीटी, आणि महावितरणच्या बिलातला स्थिर आकार, वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क. टीव्ही बंद असला तरी स्थिर आकार स्थिरच.

खेड्यात फ्री डिशची छत्री आहे, खरं. देशात चार कोटींच्या वर घरांवर ती आहे म्हणतात आणि तिला महिन्याचा खर्च नाही. पण त्या छत्रीतून जो साबण दिसतो तो फुकट मिळत नाही. जाहिरातीचा खर्च वडीच्या किमतीत घातलेलाच असतो. जाहिरातींची सवय आम्हाला जुनी आहे. विविध भारतीवर त्या 1 नोव्हेंबर 1967 पासून लागल्या तेव्हा मुंबई-पुण्याबरोबर नागपूर होतं. विदर्भाला पहिल्या पंगतीत बसवल्याचं मला आठवणारं हे एकमेव सरकारी उदाहरण. दूरदर्शनवर त्या 1976 ला आल्या. उरलेला खर्च तिजोरीतून. 2023 च्या जानेवारीत आपल्याच सरकारनं प्रसार भारतीच्या आधुनिकीकरणाला 2,539 कोटी मंजूर केले. मेळघाटातल्या ज्या कोरकू माणसाच्या घरात टीव्ही नाही, त्याचाही त्यात वाटा आहे. आगपेटी घेतली की त्यानं कर भरलाच.

म्हणजे फी गेली नाही, साहेब. पावती गेली.

परदेशातले दाखले साळ्यांनी मोबाइलवर काढून ठेवले होते, तेही देतो. इंग्लंडात 2025 साली लायसन्स 174 पौंड 50 पेन्सचं. जर्मनीत त्याच वर्षी दर घराला महिन्याला 18 युरो 36 सेंट, घरात टीव्ही असो वा नसो. फ्रान्सनं 2022 मध्ये फीच काढून टाकली. साळे फ्रान्सच्या बाजूनं. मला आवडलं ते इंग्लंड, कारण तिथे म्हणे विनालायसन्स टीव्ही हुडकणाऱ्या गाड्या फिरतात. त्या गाडीच्या पुराव्यावर कोर्टात कोणाला शिक्षा झाल्याचं ऐकिवात नाही, पण तिच्या नुसत्या नावानं लोक पोस्टात धावत. अशी एक गाडी अकोल्याला जरूर पाठवा. फक्त मे महिना टाळा. 2024 च्या मे महिन्यात इथे उन्हापायी कलम 144 लावावं लागलं होतं. दुपारी बारा ते चार गाडी फिरली तर तिच्यातलं यंत्र वितळेल आणि टीव्हीधारक कूलरसमोर निवांत झोपलेला सापडेल.

आता फी दिल्यावर आम्ही मागणार काय, ते आधीच सांगून टाकतो, पुढे भांडण नको.

मुंबईची लोकल दहा मिनिटं उशिरा आली की पडद्यावर लाल अक्षरं नाचतात. आमची शकुंतला रेल्वे, मूर्तिजापूर ते अचलपूर, कित्येक वर्षं रुळावर आलेली नाही. ती बंद पडल्याच्या लाल अक्षरांची मी अजून वाट पाहून आहे. दहा मिनिटांच्या उशिराला एवढी तर काही वर्षांच्या उशिराला किती, याचं त्रैराशिक आपल्या खात्यानं मांडावं. मुंबईत हिंदमाताला गुडघाभर पाणी साचलं की सगळ्या महाराष्ट्रानं दिवसभर ते पाणी पाहायचं. अकोल्यात काही दिवसांआड नळ येतात; आमची बाई ते दृश्य पाहून म्हणते, "येवढं पानी! आन हे रडतेत काहून?" पडद्याच्या तळाशी सेन्सेक्सची पट्टी अखंड पळत असते. तिच्यात एक कोपरा अकोटच्या कापसाला, अकोल्याच्या तुरीला आणि अमरावतीच्या सोयाबीनला मिळावा. शेअर घेणाऱ्यापेक्षा तूर विकणारा पडद्यासमोर जास्त बसतो. दूरदर्शननं 'आमची माती आमची माणसं' वर्षानुवर्षं चालवलं, त्याचं ऋण मान्य आहे. पण मराठी वाहिनीला नाव दिलं ते सह्याद्री. नरनाळ्याच्या किल्ल्यावर चढून पाहिलं तरी आम्हाला दिसतो तो सातपुडा.

आणि आमची बोली. मालिकेत वऱ्हाडी बोलणारा आला की समजायचं, हा गडी, चौकीदार किंवा वेंधळा हवालदार. नट भारत गणेशपुऱ्यांनी वऱ्हाडी घराघरात नेली, अमरावतीला त्याचा अभिमान आहे. पण एकट्या माणसानं पूर्ण वऱ्हाडाचा भार किती वर्षं हसत हसत उचलायचा? आमच्याकडे वऱ्हाडीत कर्ज फेडतात, सोयरीक मोडतात, मयताच्या घरी बसायला जातात. डॉक्टर रिपोर्ट वाचून "घाबराचं काम नाई" म्हणतो तेही वऱ्हाडीतच, आणि तेव्हा कोणी हसत नाही. एखाद्या मालिकेत असा डॉक्टर दिसला तर मी त्या वर्षीची फी दुप्पट भरीन.

तरी विनंती की, फी वऱ्हाडापासून सुरू करावी, प्रत्येक घराला पुस्तक आणि नंबर द्यावा, आणि पैसे कोणत्या लेखाशीर्षात भरायचे ते लवकर कळवावं. 1972 ते 1985 या तेरा वर्षांचे 650 रुपये अनुशेष म्हणून एकरकमी द्यायला मी तयार आहे. साळे तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, अनुशेष घेतात, देत नाहीत.

आपला,
एक विनालायसन्स टीव्हीधारक,
जठारपेठ, अकोला

प्रत माहितीस्तव : साळे, राजापेठ, अमरावती. (रविवारी जेवायला येताना सोबत आणावी.)

ता.क. : इंग्लंडात कृष्णधवल टीव्हीला स्वस्त लायसन्स आहे, 2025 साली ते 58 पौंड 50 पेन्सचं होतं, रंगीतच्या साधारण एक तृतीयांश. आमच्या गावाकडच्या घरी भारनियमनाच्या वेळी टीव्ही काळाच असतो, धवल अजिबात नसतो. त्या तासांना कोणता दर लागेल, हेही कळवावं.