बिलतपासनीस

मीरा रोड-भाईंदरच्या प्रत्येक सोसायटीत एक बिलतपासनीस काका असतातच. बँकेतून किंवा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, गिरगाव-परळची खोली विकून इथल्या वन बीएचकेत आलेले. उभा जन्म विरार लोकलमध्ये गेल्यामुळे सुपरमार्केटच्या रांगेचं त्यांना काहीच वाटत नाही. रांगेलाच त्यांचं वाटतं.

मोठं पाकीट स्वस्त पडतं, या लोकांच्या समजुतीवर अख्खं दुकान चालतं, असं काकांचं ठाम मत. त्यामुळे तूरडाळीच्या फळीसमोर ते एका हातात किलोचं आणि दुसऱ्या हातात अर्ध्या किलोचं पाकीट घेऊन, डोळे मिटून भागाकार करत उभे असत. २०२४च्या जानेवारीपासून पाकिटांवर ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापणं सक्तीचं झालं. गिऱ्हाइकांची सोय झाली. काका मात्र दोन दिवस गप्प होते. सरकारने पोटावर पाय आणला म्हणायचं! तिसऱ्या दिवशी ते छापलेला दर बरोबर आहे का, ते तपासायला लागले.

२२ सप्टेंबर २०२५ला साबण-टूथपेस्टवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला, तेव्हा तर काकांची दिवाळीच. काउंटरवर एक बाई हट्टाला पेटल्या होत्या, "तेरा टक्के कमी झाले ना, मग तेरा टक्के उतरवा!" मागून काका गरजले, "मॅडम, ११८चे १०५ झाले. म्हणजे अकरा टक्केच!" दुकानाच्या बाजूने बोलणारं गिऱ्हाईक त्या कॅशियर मुलीने पहिल्यांदाच पाहिलं असेल. काका दुकानाचे नाहीत, गिऱ्हाइकाचेही नाहीत. ते हिशेबाचे.

आता सुनेने मोबाइलवर किराण्याचं ॲप घेतलंय. फुकट डिलिव्हरीला पंधरा रुपये कमी पडले, की ती चाळीसचं बिस्किट टाकते. हे पाहून काकांचा रक्तदाब वाढतो. सामान घ्यायला मात्र तेच खाली जातात. डिलिव्हरीवाला गोल्डन नेस्टच्या सिग्नलला अडकलाय, हे ॲपमध्ये बघून वॉचमनला ताजी बातमी देतात.

परवा कोथिंबीर आली. पाकिटावर १०० ग्रॅम. काकांनी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. भरली ११२. पुन्हा ठेवली. ११२च!

काकांनी ॲपमधलं तक्रारीचं पान उघडलं. 'कमी आलं', 'खराब आलं', 'आलंच नाही' असे तीन पर्याय. 'जास्त आलं' कुठेच नाही.

"बाबा, बारा ग्रॅम कोथिंबीर आहे. राहू द्या ना!" सून म्हणाली.

"आज बारा ग्रॅम सोडले, तर उद्या कमी आल्यावर कुठल्या तोंडाने भांडू?" काकांनी चष्मा पुसला आणि कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडच्या मुलाने तक्रार तीनदा विचारून घेतली, आणि शेवटी दिलगिरी व्यक्त करून तीस रुपये परत केले.

आता त्या तीस रुपयांची तक्रार कुठे करायची, या विवंचनेत काका आहेत.