सातावरून चारावर

रविवारी मार्केट यार्डात निघताना घरून सात जिनसांची यादी तोंडी मिळाली. लिहून घेणं मला कमीपणाचं वाटलं. जन्मभर गणित शिकवलेला माणूस मी. गुलटेकडीला उतरेपर्यंत पाचच जिनसा डोक्यात उरल्या होत्या. तरी खट्टू झालो नाही. माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरतो, दोन इकडे किंवा दोन तिकडे, असं जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५६ सालीच सांगून ठेवलंय. म्हणजे काठावर का होईना, मी पास! पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी तो आकडा चारावर आणला. बी.एड.ला आम्ही सातच्या भावानं भरलेला माल असा बसल्या जागी पडला.

मनाची ही पिशवी लहान आहे, हे मात्र खरं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’ला ‘वीस एक’ असा पर्याय आला, त्यामागेही हाच विचार होता. त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतात, लिहिताना पाच. ‘एकोणतीस’ ऐकून पोरानं तिसातून एक वजा करायचा की दोनावर नऊ लिहायचे? कानडी, तेलुगू पोरांना हा त्रास नाही. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या आणि अख्खा महाराष्ट्र त्यांच्यावर तुटून पडला. त्यातून तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या आडनावातच ‘वीस’. विनोदाला आयता कच्चा माल. मला विचाराल तर बाईंचं बरोबर होतं. अर्थात हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही.

कांद्याच्या ढिगामागे बारा-तेरा वर्षांचा पोरगा बसला होता. पंचवीस रुपये किलो, मला साडेतीन किलो हवे. मी मनात दशांशचिन्ह कुठे द्यायचं ते शोधत होतो. माझ्या आजोबांना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, तोंडपाठ होती; आमच्या पिढीनं ती सोडली.

“तीनाचे पंच्याहत्तर, अर्ध्याचे साडेबारा. सत्त्याऐंशी द्या काका, आठ आणे सोडले.”

माझ्यातला मास्तर गप्प बसेना. “पंचवीस गुणिले तीन पूर्णांक पाच दशांश किती रे?”

“ते शाळेतलं आहे काका,” तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात संशोधकांनी हेच पाहिलं होतं. १९८५ च्या त्यांच्या निबंधात रस्त्यावर माल विकणारी पाच मुलं आहेत. गाडीवर त्यांचे ९८ टक्के हिशेब बरोबर. तसलीच गणितं कागदावर मांडून दिली तर ३७ टक्के. अलीकडे अभिजित बॅनर्जी (आई मराठी, म्हणून थोडे आपलेही) आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटानं कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतही तेच पाहिलं. शिवाय उलटंही तपासलं: शाळेत जाणारी मुलं बाजारातल्या हिशेबाला अडखळली. हे वाचलं तेव्हा मला त्या मुलांची काळजी वाटली होती. कांदे पिशवीत भरताना ती मुलं कोणाच्या हाताखाली शिकली असतील, तेही डोळ्यांसमोर आलं.

घरी पिशवी ओट्यावर ठेवली. आतून आवाज आला, “अहो, आलं आलं का?”

आलं नव्हतं.