विनायंत्र कर्षणनियंत्रण

आधुनिक मोटारीतील नियंत्रक संगणकाला चालकाने कोणता गियर टाकला आहे हे विचारावे लागत नाही. इंजिनाचे फेरे आणि चाकांचे फेरे यांच्या गुणोत्तरावरून तो ते आपणच ताडतो, आणि पहिल्या-दुसऱ्या गियरात चाकांवर जोर सर्वाधिक पडत असल्याने ती जागच्या जागी फिरून घसरू नयेत म्हणून टर्बोचा दाब तेवढ्यापुरता आवरता घेतो. ही विद्या परदेशी आणि खर्चिक आहे असा ज्यांचा समज असेल त्या सद्गृहस्थांनी एकवार कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत यावे. जेथील फाउंड्र्यांत मोटारधंद्यासाठी बिडाचे ओतकाम चालते, तेथील रस्त्यावर, खड्ड्यांची तजवीज ज्या कोणा दूरदर्शी खात्याने केली असेल त्याच्या कृपेने, तिसरा गियर हा प्रकारच उद्भवत नाही. सबब गियर ओळखण्याचा प्रश्न मुळातूनच निकालात निघतो, आणि टर्बोला दम चढण्यापूर्वीच पुढच्या ट्रकाचे धूड त्यास परस्पर आळा घालते.

माझी नम्र सूचना अशी की, सरकारने या व्यवस्थेचे पेटंट सत्वर दाखल करावे, मोटारी यापुढे दोनच गियर बसवून विकण्याचा हुकूम काढावा, आणि उरलेले गियर वितळवून गटारांची झाकणे ओतावीत. फाउंड्र्या हाताशीच आहेत.

महामार्गावर तरी वरचा गियर लागेल, अशी शंका कोणी काढील. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेने पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी बुडविला, तेव्हा वाहनांच्या रांगाच्या रांगा कित्येक दिवस न्यूट्रलमध्ये उभ्या होत्या, आणि एकाचेही चाक घसरले नाही.