पाच-तीन-दोन

पत्त्यांमधला पाच-तीन-दोन हा तिघांचा डाव. आमच्या काकांच्या मते सीरियल पोर्टही तिघांचाच. नऊ पिनांच्या त्या कनेक्टरमध्ये संगणक दोनवर ऐकतो, तीनवर बोलतो आणि पाच म्हणजे जमीन. "बाकीच्या सहा पिना मोडेमच्या काळातल्या. आता पेन्शनीत," असं सांगून ते चष्मा कपाळावर चढवतात. आता किमान अर्धा तास सुटका नाही, हे ओळखून आपण खुर्ची ओढून घ्यायची.

असा एक काका प्रत्येक कंपनीत असतो. निवृत्तीच्या निरोपाची शाल कधीच जुनी झालेली असते, पण मालक त्याला सोडत नाही. कारण जग कुठल्या कुठे गेलं, तरी वजनकाटे आणि जुनी सीएनसी मशीनं अजून १९६० साली ठरलेल्या आरएस-२३२च्याच रीतीनं बोलतात. आणि त्यांच्याशी बोलायला माणूस लागतो.

काकांच्या खिशात चष्म्याची एक जुनी डबी असते. आत चष्मा नसतो, दोन आणि तीन नंबरची पिन डाग देऊन जोडलेला एक कनेक्टर असतो. त्याला ते 'आरसा' म्हणतात. तो पोर्टला लावला की आपण पाठवलेलं आपल्याकडेच परत येतं. "समोरच्याला नावं ठेवण्याआधी स्वतःशी बोलून बघावं," हे त्यावरचं निरूपण. डबीशेजारी काळी चिकटपट्टी, छोटा पेचकस आणि दोन-तीनची अदलाबदल केलेली केबल. "याचं तोंड त्याच्या कानाला लागलं पाहिजे. तोंडाला तोंड लागलं तर त्याला संवाद नाही, भांडण म्हणतात."

यूएसबी कन्व्हर्टरवर त्यांचा राग आहे. त्याला ते 'मध्यस्थ' म्हणतात. "आज काढून उद्या लावला तर लिनक्समध्ये टीटीवाययूएसबी-शून्यचा एक झालेला असतो. रोज नाव बदलणाऱ्याशी व्यवहार कसा करायचा?" मग त्याला कायमचं नाव देण्याचा नियमही तेच लिहून देतात, कुरकुरत.

गेल्या हंगामात एका साखर कारखान्याच्या काट्यावरचा जुना विंडोजवाला संगणक गेला. नव्यावर लिनक्स. प्रोग्रॅम तिकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं. विंडोजमध्ये कॉम-वन उघडायचा, वेग-पॅरिटीचा तक्ता भरायचा. लिनक्समध्ये तोच पोर्ट साध्या फाइलसारखा उघडतो आणि तक्त्याच्या जागी टर्मिऑस येतं. दोन दिवसांत सगळं बदलून मी ऐटीत म्हणालो, "काका, कंपाइल झालं!"

"कंपाइल झालं म्हणजे पत्रिका जुळली," ते म्हणाले. "संसार व्हायचाय."

संसार काट्यावर सुरू झाला. उसाच्या ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली, ड्रायव्हरांचे हॉर्न चालू, आणि काट्याच्या डब्यावर लाल आकड्यांत १८४६० किलो स्पष्ट दिसत असताना माझ्या पडद्यावर शून्य. काकांनी आधी चहा मागवला. मग कनेक्टर फुंकला, शर्टाच्या टोकानं पुसला. ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, हे दोन्हीकडे एकच आहे ना, ते दोनशे पानी वहीत ताडून पाहिलं. आरसा लावला. माझ्या प्रोग्रॅमनं पाठवलेली ओळ जशीच्या तशी परत आली.

"वायर खोटं बोलत नाही. आता तू बोल," ते म्हणाले आणि त्यांनी काट्याची केबल स्वतःच्या लॅपटॉपला लावली. पडद्यावर एकेक बाइट आकड्यांत उमटू लागला. वजनाच्या शेवटी तेरा होता.

"तुझी ओळ कशानं संपत होती?"

"दहानं."

"आणि याची तेरानं!" त्यांनी कपाळावर हात मारला.

झालं होतं असं, की लिनक्सचा पोर्ट टेलिटाइपच्या खानदानातला. समोर माणूस टाइप करतोय असं समजून तो पूर्ण ओळीची वाट बघतो. आलेल्या तेराचा दहा तो एरवी आपणहून करून घेतो. काट्याचे आकडे अस्पर्श यावेत म्हणून मी ते बदलणं बंद केलं होतं, पण ओळीची वाट बघणं तसंच चालू ठेवलं होतं.

"म्हणजे काय झालं बघ," काका चहाचा घोट घेत म्हणाले. "वक्ता 'धन्यवाद' म्हणून खाली बसला. आणि हा अध्यक्ष अजून 'जय हिंद, जय महाराष्ट्र'ची वाट बघतोय!"

मी ओळीची वाट बघणं काढलं, तेरा दिसला की वजन उचलायचं असं लिहिलं. "इको बंद केलास? नाहीतर काट्याचंच बोलणं काट्याला ऐकवत बसेल." तोही चालूच होता. तो बंद केला आणि पडद्यावर १८४६० आलं. बाहेर ड्रायव्हरनं मोठ्यानं "आलं का?" विचारलं. काकांनी खिडकीतून हात हलवला, जणू वजन त्यांनीच उचललं होतं. परतीच्या वाटेवर दीड तास त्यांनी मला तेरा आणि दहाचा इतिहास ऐकवला. कागदाची गाडी मागे नेणं म्हणजे तेरा, कागद वर सरकवणं म्हणजे दहा. माझ्याकडून एकही शब्द अपेक्षित नव्हता.

परवा त्यांच्या घरी गेलो तर काकूंनी पत्ते काढले. पाच-तीन-दोन. पहिली पाच-पाच पानं वाटून झाली. हुकूम करायची पाळी काकूंची.

"हुकूम इस्पिक," काकू म्हणाल्या.

"हं," काका म्हणाले आणि बदाम हुकूम समजून पहिलाच हात हरले.

काकूंनी शांतपणे हात ओढून घेतला. "इतकी वर्षं ऐकून ऐकून मलाही कळायला लागलंय," त्या मला म्हणाल्या. "यांचा तीन नंबर दणकट आहे, पाचही पक्का. दोनलाच डाग द्यायला झालाय."

"हं," काका म्हणाले, आणि पुन्हा बदाम टाकला.